फाउंड्री कामगारांसाठी दंडावरचा पट्टा: इन्क्युबेटर आधी की प्रोटोटाइप आधी?

शिरोली_हार्डवेअर:
नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी आम्ही दोघं एक वेअरेबल करतोय. भट्टीजवळ किंवा ओतकामावर असलेल्या माणसाला उष्णतेचा ताण बसू लागला की पट्ट्यानं थरथरून त्याला सावध करायचं, एवढंच काम. सध्या मॅक्स३०१०२ सेन्सर (प्रकाशानं नाडी मोजणारा), एनआरएफ५२८३२ हे ब्लूटूथ मॉड्यूल, त्वचेचं तापमान घेणारा सेन्सर आणि १५० एमएएचची (मिलिअँपिअर-तास) लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी अशी जुळणी आहे. माणूस बसलेला असताना नाडी बरोबर दिसते, फावडं हातात घेतलं की आकडा भलतीकडेच जातो. कंपनी अजून नोंदवलेली नाही. या टप्प्यावर इन्क्युबेटरकडे (नव्या कंपनीला जागा, सल्ला आणि अनुदान मिळवून देणारी संस्था) जावं का? गेलो तर कुठल्या अनुदानासाठी, आणि कंपनीत किती हिस्सा द्यावा? सेन्सरबद्दलही सांगा.

हिरवा_एलईडी:
आधी सेन्सर. मॅक्स३०१०२ मध्ये फक्त लाल आणि इन्फ्रारेड एलईडी आहेत. तो बोटासाठी चांगला. हे दोन्ही प्रकाश खोलवर जातात, त्यामुळे हात हलला की स्नायू आणि शिरांमधल्या रक्ताची हालचालही सिग्नलमध्ये मिसळते. मनगट आणि दंडासाठी हिरवा प्रकाश वापरतात, कारण तो वरच्या थरातच राहतो आणि नाडीचा चढउतार त्यात तुलनेनं ठळक दिसतो. त्याच घराण्यातला मॅक्स३०१०१ घ्या, त्यात हिरवा एलईडी आहे. गडद त्वचेत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, म्हणून एलईडीचा करंट ठरावीक न ठेवता परत येणाऱ्या प्रकाशानुसार कमीजास्त होऊ द्या.

आकडा भलतीकडे जातो कारण अल्गोरिदम नाडीऐवजी फावड्याची लय पकडतो. अॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) लावा आणि दोन्ही सिग्नल एकाच घड्याळावर नोंदवा. हालचालीची मुख्य वारंवारता आणि 'नाडी' जुळत असेल तर तो आकडा वापरूच नका, 'भरवशाचा नाही' अशी खूण करून पुढे जा. चुकीचा इशारा दोनतीनदा आला की कामगार पट्टा काढून ठेवतो आणि पुन्हा घालत नाही.

फाउंड्रीची खास अडचण म्हणजे तापलेला धातू स्वतःच भरपूर इन्फ्रारेड फेकतो आणि तो फोटोडायोडवर (प्रकाश टिपणारा भाग) पडतो. सेन्सरभोवती काळ्या सिलिकोनची कड हवी. एलईडी आणि फोटोडायोड यांच्यावर एकच सलग काच ठेवू नका. प्रकाश काचेतूनच आडवा पोहोचतो आणि त्वचेपर्यंत न जाता परत येतो. मध्ये काळा आडोसा घाला.

त्वचेच्या तापमानावरून शरीराच्या आतलं तापमान सांगण्याचा मोह टाळा. भट्टीसमोर तो सेन्सर भट्टीच मोजतो. त्याऐवजी प्रत्येक शेडमध्ये एक डब्ल्यूबीजीटी मीटर (उष्णता, दमटपणा आणि उष्ण किरणं यांचा एकत्रित ताण मोजणारं यंत्र) ठेवा. छपराखाली, ऊन नसताना त्याचं सूत्र असं: ०.७ × नैसर्गिक ओल्या बल्बचं (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान + ०.३ × काळ्या गोळ्याचं तापमान. जागेचा ताण मीटरवरून आणि माणसाचा ताण नाडीवरून घ्या. विश्रांतीला बसल्यावर नाडी किती लवकर उतरते, हा या कामात सर्वांत उपयोगी आकडा आहे. शिवाय माणूस तेव्हा स्थिर असतो, त्यामुळे सिग्नलही स्वच्छ मिळतो.

तुलनेसाठी छातीवरचा ईसीजी पट्टा वापरा, उदा. पोलर एच१०. दोन्हींच्या नोंदी सेकंदाला सेकंद जुळवून बघा. नुसती सरासरी जुळली म्हणून समाधान मानू नका.

साचा_आणि_सील:
वरच्यात भर. चुंबकानं चिकटणारा चार्जर फाउंड्रीत चालणार नाही. लोखंडाची भुकटी पिनांवर जमते आणि शॉर्ट होतं. क्लिपनं बसणारा पाळणा करा. घामाचाही त्रास असतो. चार्जिंगच्या पट्ट्यांवर सतत व्होल्टेज राहिलं तर घामात इलेक्ट्रोलिसिस होऊन सोन्याचा मुलामासुद्धा खाल्ला जातो. चार्जरची बाजू लोड स्विचनं (वीज तोडणारी छोटी चिप) तोडा म्हणजे अंगावर असताना तिथे शून्य व्होल्ट राहील.

लिपो साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची, म्हणून चार्जिंगची जागा भट्टीपासून लांब, ऑफिसात ठेवा. क्षमतेची काळजी नको. हिरवा एलईडी २० एमएवर (मिलिअँपिअर), १०० मायक्रोसेकंदाचा झोत, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे सरासरी फक्त ०.१ एमए. सगळं धरून २ एमए लागले तरी १५० एमएएचमध्ये ७५ तास निघतात. जुनी होणारी बॅटरी म्हणून २० टक्के वजा केले तरी ६० तास.

पत्र्याच्या शेडमध्ये ब्लूटूथवर विसंबू नका. इशारा पट्ट्यातच ठरला पाहिजे. कच्चा सिग्नल ५० हर्ट्झ, नमुन्याला ३ बाइट धरले तर ८ तासांचे ४.३२ एमबी होतात. ८ एमबीची फ्लॅश पुरते. पाळी संपल्यावर गेटपाशी उतरवून घ्या.

पहिल्या २०-२५ नगांसाठी इंजेक्शन मोल्ड (धातूचा महागडा साचा) करू नका, व्हॅक्युम कास्टिंग (सिलिकोनच्या साच्यात थोडे नग ओतणं) पुरेसं आहे. पण माणसाच्या अंगावर लावण्याआधी त्वचेला लागणाऱ्या मटेरियलचे आयएसओ १०९९३ चे (शरीराला लागणारं मटेरियल सुरक्षित आहे का, हे तपासण्याचं मानक) अहवाल पुरवठादाराकडून मागून घ्या.

अर्ज_क्रमांक_दोन:
आता इन्क्युबेटर. पैशाकडे बघून निवडू नका, तिथल्या प्रयोगशाळेकडे आणि डॉक्टरांच्या ओळखींकडे बघा. तुमच्यासाठी पुण्यातलं व्हेंचर सेंटर, आयआयटी मुंबईचं साइन (इन्क्युबेटर) आणि तिथलंच बेटिक (वैद्यकीय उपकरणांचं केंद्र) ही तीन दारं आधी ठोठवा.

अनुदानांचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. निधी-प्रयास (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना): प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत, कंपनी नसली तरी व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. तुमच्या आजच्या अवस्थेला हेच बसतं. बायरॅकचं (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था) बिग अनुदान: ५० लाखांपर्यंत, १८ महिने. स्टार्टअप इंडिया सीड फंड: प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान. पण यात कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली चालत नाही. म्हणजे आधी बिग घेतलं तर सीड फंडाचं दार बंद. प्रयासचे १० लाख मर्यादेत बसतात. सीड फंड २०२१ मध्ये चार वर्षांसाठी सुरू झाला होता, तेव्हा सध्या अर्ज घेताहेत ना, ते पोर्टलवर बघूनच आखणी करा. आणि कंपनी घाईनं नोंदवू नका, दोन वर्षांचं घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं.

हिस्सा साधारण २ ते ५ टक्के मागतात. टक्क्यांपेक्षा करारातल्या दोन गोष्टी नीट वाचा: पुढच्या गुंतवणुकीत त्यांचा हिस्सा न घटण्याची अट आहे का, आणि संस्थेची यंत्रं वापरून झालेल्या कामाचं पेटंट कोणाचं. कुठेही जाहीर सादरीकरण करण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. संपूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.

शिरोली_हार्डवेअर:
धन्यवाद सगळ्यांना. बॉक्सवर 'उष्माघात ओळखतो' असं लिहिलं तर चालेल का? आणि मालकाला प्रत्येक कामगाराची नाडी मोबाइलवर बघायची आहे.

नियम_१७:
तसं लिहिलंत की ते निदानाचं उपकरण झालं आणि मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू झाले. त्यात उपकरणांचे धोक्यानुसार वर्ग असतात. वर्ग ब असेल तर परवाना राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), क असेल तर केंद्राच्या सीडीएससीओकडून (औषध नियंत्रण संस्था). बॉक्स, अॅप, वेबसाइट, विक्रीचं पत्रक, सगळीकडची भाषा त्यात धरली जाते. 'नाडी आणि विश्रांतीची आठवण' इतकाच दावा ठेवून सुरुवात करा. दावा वाढवायचाच असेल तर चाचणीसाठी नग बनवायला आधी एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ परवाना घ्यावा लागतो. ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीचं ईटीए (दूरसंचार विभागाची वायरलेस उपकरणांची मंजुरी) लागेल. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी कारखान्याच्या पत्त्याला जोडलेली असते, त्यामुळे मधेच उत्पादक बदलला तर ती पुन्हा करावी लागते.

मालकाला प्रत्येकाची नाडी देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. ज्याची नाडी लवकर चढते त्याला पुढच्या महिन्यात कामावर घेतलं जाणार नाही, आणि ठेकेदाराच्या माणसाला दाद मागायला जागा नसते. इशारा फक्त कामगाराला आणि सोबतच्या प्रथमोपचारकाला जावा. मालकाला शेडनिहाय, पाळीनिहाय बेरीज द्या. कुठल्या शेडमध्ये पंखा किंवा उष्णतारोधक पडदा हवा, हे त्याला तेवढ्यावरून कळतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची कलमंही वाचा. मराठी आणि हिंदीत संमतीपत्र करा, त्यात पट्टा नाकारला तरी काम जाणार नाही हे वाक्य घाला आणि त्यावर मालकाची सही घ्या.