मदत हवी आहे: साप-मोसासॉर कोष्टकात जबड्याचा सांधा कसा कोड करावा?

मंडळी, पुण्यात कॉलेजच्या संग्रहातल्या धामण आणि घोरपडीच्या कवट्या आणि जीवाश्मांची प्रकाशित वर्णनं घेऊन टीएनटीत (लक्षणांच्या कोष्टकावरून वंशवृक्ष काढणारा संगणक प्रोग्रॅम) छोटं विश्लेषण चालू आहे. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोपनं १८६९ साली मोसासॉर (नामशेष समुद्री सरपटणारे प्राणी) वंशवृक्षात सापांजवळ ठेवले, तेच तपासतोय. पॅकिऱ्हॅकिस आणि नजाश हे पाय असलेले जीवाश्म साप दोन्ही घेतलेत.

अडचण खालच्या जबड्यातल्या स्प्लेनियल आणि अँग्युलर या दोन हाडांमधल्या सांध्याची. तो दोन्ही गटांत आहे. एकच लक्षण धरलं तर त्याच्या पृष्ठभागातले फरक गायब होतात. सांधा, आकार, हाडांचा संपर्क असे तुकडे केले तर एकाच रचनेला तीन मतं मिळतात.

पायांची लक्षणं वगळून पाहिली. पाय नसलेल्यांना 'लागू नाही' म्हणून आडवी रेघ टाकून उपयोग नाही, टीएनटी तिला प्रश्नचिन्हासारखंच, म्हणजे 'माहीत नाही' असं वाचतं. साप, इग्वाना गट आणि घोरपडीचा गट एकत्र ठेवणारा डीएनएवरून आलेल्या वंशवृक्षाचा सांगाडा लादला, तरी मोसासॉर जागा बदलतातच. सीटी स्कॅन शक्य नाही. साप समुद्रात उगम पावले की बिळात, हा वाद इथे नको.

सांधा एक लक्षण धरावा की तुकडे करून प्रत्येकाचं विश्लेषणातलं वजन कमी करावं? आणि आजच्या सापांत बदली दात आडवे असतात, मोसासॉरमध्ये जुन्या दाताच्या मुळाशी खड्डा पडून त्यात येतात. दिशा आणि खड्डा ही वेगळी लक्षणं धरावीत का?