मदत हवी आहे : डॉमिनोच्या सोंगट्या उभ्या ठेवायचे लाकडी स्टँड, पावसात खाच आवळतेय

खाडीकाठचा

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी.

आमचे अण्णाकाका आयुष्यभर बोटीवर होते, आमच्या गुहागर-दाभोळ पट्ट्यात असे बरेच सापडतील, आणि बोटीवरून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या, एक कंपास आणि दुसरं डॉमिनोचं वेड. संध्याकाळी पडवीत ते, शेजारचे चाचा (ते पण जहाजावरचेच) आणि हाताला लागेल ती दोन पोरं असा डाव बसतो. साधा २८ सोंगट्यांचा सेट, चौघांना सात-सात. पण आता अण्णांचे हात थरथरतात, सोंगट्या जमिनीवर उभ्या केल्या की एकीला धक्का लागतो आणि सगळी रांग चाचांसमोर उघडी पडते, मग चाचा म्हणतात मी नाय बघितलं आणि अण्णा म्हणतात बघितलंस, आणि डाव तिथेच मोडतो.

त्यात भाच्याने पुण्याहून डबल ट्वेल्व्हचा (शून्यापासून बारा ठिपक्यांपर्यंतचा) मोठा सेट आणून ठेवलाय, ९१ सोंगट्यांचा. त्यात चौघं असले तर प्रत्येकी पंधराएक सोंगट्या हातात येतात, हे धडधाकट माणसाला पण हातात धरणं शक्य नाही. म्हणून स्टँड करायला घेतले. गोठ्याच्या मागच्या खोलीत माझं छोटं दुकान आहे म्हणजे एक बाक, हाताचा रंधा, पटाश्या, कटर मशीन आणि एक ट्रिमर (खाचा मारायचं हातातलं छोटं मशीन). टेबल सॉ नाही, आणि असता तरी लाईट कधी असते.

मे महिन्यात एक नमुना केला. सागाची पट्टी ४० सेंमी लांब, ६० मिमी रुंद, २० मिमी जाड. सोंगटी ४८ बाय २५, जाडी १० मिमी. ट्रिमरला ६ मिमीचं बिट लावून दोन पासात जेमतेम साडेदहा मिमीची खाच मारली, खोली ९ मिमी, वरून मेलामाईन पॉलिशचे हात. तेव्हा सोंगट्या मस्त बसायच्या. आता श्रावण लागला आणि खाच आवळलीय, सोंगटी आत जाते पण काढताना अख्खा स्टँड उचलला जातो, अण्णांना तर ते जमणारच नाही. पट्टी लांबीत पण जराशी वाकलीय, टेबलावर ठेवली की डुगडुगते.

प्रश्न दोन आहेत. लाकूड फुगून खाच बंद होते तर मग मुळातच किती ढिली ठेवायची? आणि सोंगटी जराशी मागे कललेली हवी म्हणजे बघायला बरं, तर ट्रिमरने तिरकी खाच कशी मारतात? चतुर्थीला सगळे चाकरमानी येणार, तोवर चार तरी स्टँड हवेत.

पुणेरी_पेन्शनर

ऑनलाईन प्लास्टिकचे तयार मिळतात. एवढा खटाटोप कशाला?

खाडीकाठचा

@पुणेरी_पेन्शनर मिळतात हो, मागवले पण होते. हलके असतात, अण्णांचा हात लागला की सोंगट्यांसकट घसरतात. वजन हवंय.

सुतारपक्षी

आधी एक गैरसमज काढतो. लाकूड फुगल्यावर खाच बंद होत नाही, उलट किंचित रुंद होते. खाचेखालचं लाकूड सलग आहे ना, ते रुंदीत फुगलं की दोन्ही भिंतींना लांब ढकलतं. आणि ते फुगणं पण किती, सागाची रुंदी ओलाव्यातल्या दर एक टक्क्याला साधारण ०.२ टक्के बदलते, उन्हाळ्यात लाकडात ११-१२ टक्के ओलावा धरला आणि आत्ता १८, तर साडेदहा मिमीच्या खाचेत फरक पडतो एक दशांश मिमीच्या आसपास. एवढ्याने सोंगटी अडकत नाही.

मग अडकते का? मेलामाईन खाचेच्या आत पण मारलंस ना, दोन्ही भिंतींवर थर चढला, अर्ध्या मिमीची ढील होती त्यातली बरीच तिथेच गेली. आता सांग, खालच्या बाजूला पॉलिश केलंस का? बहुतेक नसशील, कोणीच करत नाही. स्टँड पडवीतल्या ओल्या लादीवर नाहीतर टेबलावर पडलेला, खालची बाजू उघडी, ती ओल ओढते आणि फुगते, वरची बाजू पॉलिशने बंद. म्हणजे पट्टी खालून फुगून कडा वर उचलते आणि खाचेच्या भिंती तोंडाशी एकमेकींकडे झुकतात. खाचेखाली लाकूड ११ मिमीच उरलंय, ती जागा कमकुवत, वाकणं बरोबर तिथेच होतं.

लांबीतला बाक पण याच कारणाने, शिवाय वरच्या बाजूचं लाकूड खाच मारून काढलं की आतला ताण एकतर्फी सुटतो. पट्टी अर्धी केलीस तर तोच बाक पाव होतो. म्हणून ४० सेंमीचा एक करण्यापेक्षा २१-२२ सेंमीचे दोन दोन कर, एकात आठ सोंगट्या आरामात बसतात, साध्या सेटला प्रत्येकी एक पुरतो आणि मोठ्या सेटला जोडी.

खाडीकाठचा

खाली पॉलिश नाही केलं, बरोबर ओळखलंत सर. मग खाली पण मारतो. तिरक्या खाचेचं काय?

गजाली_मालवणी

कित्याक एवढो खटाटोप रे? जुन्या घराचे फणसाचे चौकटी पडलेले असतत, त्येचा लाकूड घे. ५० वर्सा पाऊस खाल्लेला लाकूड, आता काय वाकतला? आणि वरसून काजीच्या बियेचा तेल लाव, होडयेक लावतत ता. वाळवी फिरकूची नाय.

वेंगुर्ल्याची_सून

अहो थांबा थांबा, काजूच्या टरफलाचं तेल हाताळायच्या वस्तूला अजिबात लावू नका!! माझं माहेर काजू फॅक्टरीच्या शेजारी, तिथल्या बायका हाताला तेल नाहीतर राख चोळून मग बिया सोलतात, नाहीतर कातडी जळते, फोड येतात. होडीला ठीक आहे, होडी कोणी हातात घेऊन बसत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी आधीच पातळ असते.

खोबरेल पण नको, ते लाकडावर वाळत नाही, नुसतं चिकट राहतं आणि धूळ धरतं. घरात आहे म्हणून सगळे तेच चोळतात म्हणून सांगितलं.

सुतारपक्षी

बाईंचं शंभर टक्के बरोबर. फणसाचा सल्ला मात्र चांगला आहे, रंधायला बरा, पिवळा असतो आणि उजेडात काळपट-तपकिरी होत जातो, दिसायला झकास. जुनं लाकूड पण पावसात ओल घेतंच बरं का, फक्त आतला ताण बराचसा निघून गेलेला असतो. खिळे मात्र आधी शोध, लोहचुंबक फिरव, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. शिवणीची फळी मिळाली तर त्याहून उत्तम, हलकी, कमी वाकणारी, पटाशीला लोण्यासारखी. आंबा नको, भुंगा धरतो. तुझा सागच असेल तर डकवायच्या आधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पूस, सागाचं अंगचं तेल फेविकॉलला धरू देत नाही.

आता तिरक्या खाचेचं. माझं मत विचारशील तर खाच मारूच नकोस.

तुझा सगळा विचार सोंगटी घट्ट धरण्यावर चाललाय, खाच सोंगटीला पकडेल म्हणून. थरथरत्या हाताला नेमकं उलटं हवं. सोंगटी कशीही टाकली तरी आत पडली पाहिजे आणि दोन बोटांनी सहज निघाली पाहिजे. उभी राहायचं काम खाचेचं नाही, कलतेपणाचं. सोंगटी मागे टेकली की ती आपोआप राहते.

तर तीन पट्ट्या घे. खाली ६० मिमी रुंद, १२ मिमी जाड फळी. तिच्यावर मागची टेक, ३० मिमी उंच आणि ९ मिमी जाड. पुढे अगदी बुटकी कड, ५ मिमी उंच, ६ मिमी जाड. कड आणि टेक यांच्यात १३ मिमी मोकळी जागा, म्हणजे १० मिमीच्या सोंगटीला ३ मिमी ढील. टेकेच्या मागे ३० मिमीच्या वर फळी मोकळी राहते, तीच मागे पडण्यापासून वाचवते. मग फळीच्या खालून, पुढच्या कडेला, १२-१३ मिमीची रीप डकव. ६० मिमीत १२-१३ मिमी उचल म्हणजे साधारण १२ अंशाचा उतार झाला. ना तिरकी खाच ना ट्रिमर. आणि फळी लादीपासून वर उचलली गेली, खालून वारा खेळतो.

कड ५ मिमीच का, तर तुझ्या ९ मिमीच्या खाचेत सहाच्या सोंगटीची खालची ठिपक्यांची ओळ झाकली जात असणार, बघ एकदा. डबल ट्वेल्व्हला ठिपके अजून दाटीचे.

खाडीकाठचा

आत्ता जाऊन बघून आलो. झाकली जाते!! म्हणूनच अण्णा सोंगटी दर वेळी काढून बघायचे आणि मला वाटायचं डोळे गेले. सर तुम्ही गुहागरला आलात की सुरमई माझ्याकडून.

फक्त एक, डबल ट्वेल्व्हच्या सोंगट्या मी मोजल्या नव्हत्या, त्या जरा जाड आहेत, साडेअकरा. १३ मध्ये पुरेल का?

सुतारपक्षी

१४ कर. टेकेला टेकतेय तोवर ढिलीने काही बिघडत नाही, २८ च्या सेटला पण तोच चालेल. डकवताना दोन्ही टोकांना मोठ्या सेटची एकेक सोंगटी आणि सोबत पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये घालून अंतर धर, पट्टी घेऊन मोजत बसू नकोस. आणि सगळ्या पट्ट्यांची नस (लाकडाच्या रेषा) लांबीतच ठेव, आडवा तुकडा कुठेही लावू नकोस, बाजू बंद करायला पण नाही. आडवं लाकूड लावलंस की फळीला फुगायला जागा मिळत नाही आणि पुढच्या पावसात जोड सुटतो. शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळ, आणि या हवेत डकवलेलं रात्रभर तरी सोडू नकोस.

वेंगुर्ल्याची_सून

पॉलिश काय करणार? चपडा (लाखेचं पॉलिश) आत्ता लावलात तर पांढरा पडेल, आमच्या देव्हाऱ्याचं तसंच झालं होतं, सुताराने ऐन पावसात लावला.

सुतारपक्षी

हो, चपडा आणि मेलामाईन दोन्ही दमट हवेत पांढुरके होतात, हवेतली ओल वाळणाऱ्या थरात अडकते. तेलाचं व्हार्निश टर्पेंटाईनमध्ये निम्म्याने पातळ कर आणि फडक्याने पुसत लाव, ब्रशने नाही. सगळ्या बाजूंना सारखं, खालून आणि रिपेच्या आत पण, दोन्ही टोकांना जास्तीचा हात, कारण टोकातून ओल सगळ्यात पटकन जाते. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नको, पावसात वेळ लागतो. कपाटात ६० चा बल्ब लावून ठेवायची पद्धत असेलच घरी, पण त्यात ओलं व्हार्निश ठेवू नकोस, आधी लाकूड त्यात दोनचार दिवस ठेव, मग कापून जोड, आणि व्हार्निश उघाडीच्या दिवशी पडवीत वाऱ्यावर. फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, पसरून वाळव, तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

पुणेरी_पेन्शनर

हे वाचून मला पण करावासा वाटतोय. पत्त्यांसाठी चालेल का हो असाच? आमच्या ब्रिजच्या ग्रुपमध्ये दोघांचे हात थरथरतात.

सुतारपक्षी

पत्त्यांना वेगळं. तिथे सलग पट्टीत करवतीने एक बारीक तिरका काप पुरतो, आणि १३ पत्ते एकमेकांवर थोडे थोडे सरकवून लावायचे म्हणून लांबी निदान ३० सेंमी. वेगळा धागा काढा, इथे अण्णांचं चालू दे.

खाडीकाठचा

फणसाची एक चौकट मिळालीय मामाकडे, बैलगाडीच्या शेडमध्ये पडलेली. चार खिळे निघालेत आत्तापर्यंत, लोहचुंबक अजून ओढतोय. रविवारी फळ्या काढतो, फोटो टाकतो.