मदत हवी आहे: "ट्रेडमार्क ऑफिसमधून बोलतोय" म्हणून फोन, ५,९०० भरून बसले, आता १७,७०० मागून राहिले

हळदवाली

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची हळद दळून पाकिटात भरून विकते. रविवारची रात्र आहे, साडेअकरा वाजले आहेत आणि उद्या दुपारी दोनच्या आत मला पैसे भरायला सांगितलं आहे. कुणाला यातलं कळत असेल तर कृपा करून सांगा.

आमच्या भागातली वायगावची हळद तुम्हाला माहीत असेल, तिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. सासूबाई आधी हळकुंडं विकायच्या. मी आल्यावर दळायला सुरुवात केली, मग सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) आणि पाकिटं सील करायचं मशीन घेतलं. हिंगणघाटच्या दुकानांत माल जाऊ लागला तेव्हा एका दुकानदार भाऊंनी सांगितलं की नाव नोंदवून घ्या, उद्या दुसरा कुणी हेच नाव छापेल. म्हणून एजंटमार्फत ट्रेडमार्कचा अर्ज केला. वर्ग ३०, मसाले त्यात येतात. नाव सासूबाईंच्या नावावरून ठेवलं आहे.

मागच्या सोमवारी नाव जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क ऑफिसच्या साप्ताहिकात, आलं. एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर पान पाठवलं, आम्ही घरी शिरा केला. गुरुवारी दुपारी फोन आला. नंबर ०२२चा, ट्रूकॉलरवर "ट्रेडमार्क रजिस्ट्री" आणि सिंहाची राजमुद्रा. माणूस हिंदी बोलत होता, मधूनमधून मराठी. माझं पूर्ण नाव, अर्ज क्रमांक, वर्ग, गावाचा पिनकोड, सगळं त्यानंच सांगितलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणाला, "मॅडम, आपके ब्रँड पे अपोझिशन आया है. गुजरातची पार्टी आहे. आज शुल्क भरलं नाही तर अर्ज रद्द, आणि त्या नावाचा जेवढा माल असेल तो जप्त."

माल जप्त म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. दहा हजार पाऊच छापून आले आहेत. माळ्यावर सहा गठ्ठे आहेत, फक्त एक फोडला. त्याचे पैसे अजून फिटले नाहीत. त्यानं पीडीएफ पाठवली, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, "विरोध रद्द शुल्क ५,००० अधिक जीएसटी ९००". मी यूपीआयनं ५,९०० भरले. पैसे गेल्यावर पाहिलं तर समोर एका माणसाचं नाव होतं, ऑफिसचं नव्हतं. विचारलं, तर म्हणे ते आमचे कॅशियर आहेत.

काल परत फोन. आता म्हणतात सुनावणी लागली, १७,७०० भरा, सोमवारी दुपारी दोनपर्यंत. आणि एजंटला सांगू नका, त्याचीच समोरच्या पार्टीशी मिलीभगत आहे. त्यामुळे मी एजंटला विचारलं नाही. आता एजंटवरही संशय येऊन राहिला.

ते ५,९०० माझे नव्हते. बचत गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं पोती आणायला. १० तारखेला गटाची बैठक आहे, मी सचिव आहे, हिशेब मलाच वाचायचा आहे. घरी फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माह्या नावाचे पैसे त्याले कायले द्याचे वं?" मला उत्तर देता आलं नाही.

हे खरं असू शकतं का? खरं नसेल तर त्याला माझं सगळं कसं माहीत? आणि गेलेले पैसे येतील का?

पांढरकवड्याहून

ताई, बाकी सगळं नंतर. आत्ता, हे वाचताक्षणी १९३० लावा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, रात्री पण चालते. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, तारीख, वेळ, तुमच्या बँकेचं नाव समोर ठेवा. गुरुवारपासून तीन दिवस गेले आहेत, पैसे पुढच्या खात्यात सरकले असतील, तरी लावा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका. १७,७०० भरू नका.

हळदवाली

लावते. दोनदा लावला, लागला नाही. परत लावते.

वकील_नागपूर

ताई, मी ट्रेडमार्कचीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो. हा फोन खोटा आहे.

विरोध आला की नाही हे कुणाच्या फोनवरून ठरत नाही. आयपी इंडिया या ट्रेडमार्क ऑफिसच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्टेटस कुणालाही पाहता येतं, पैसे लागत नाहीत. "अ‍ॅक्सेप्टेड अँड अ‍ॅडव्हर्टाइज्ड" दिसलं तर नाव जर्नलमध्ये आलं आणि विरोध नोंदलेला नाही. विरोध असेल तर "अपोज्ड" दिसतं आणि विरोधाची नोटीस तिथल्याच कागदपत्रांत सापडते.

आता खरा विरोध कसा येतो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी घाबरवलं तरी तुम्ही डगमगणार नाही. जर्नल दर सोमवारी निघतं. त्या तारखेपासून ४ महिने कुणालाही विरोध करता येतो. त्यासाठी विरोध करणारा टीएम-ओ हा फॉर्म भरतो, एका वर्गाला ऑनलाइन २,७०० रुपये, आणि ते त्याच्या खिशातून जातात. त्या नोटिशीची प्रत तुम्हाला लेखी येते. एजंट नेमलेला आहे म्हणजे त्याच्याकडे येते. प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत तुम्ही लेखी उत्तर द्यायचं, त्याला काउंटर स्टेटमेंट म्हणतात. ते दिलं नाही तर मात्र अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. मुदत ही, २ महिन्यांची. "उद्या दुपारी दोन" अशी मुदत ट्रेडमार्कच्या कायद्यात कुठे नाही.

"विरोध रद्द शुल्क" नावाची फीच नाही. प्रमाणपत्रालाही वेगळी फी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दोनचार महिन्यांनी "तुमचं सर्टिफिकेट तयार आहे, शुल्क भरा" असाही फोन येऊ शकतो. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० लागतात, ते तुमच्या एजंटनं भरले असतील. नोंदणी झाली की १० वर्षं चालते, सरकारी नूतनीकरण फी तेव्हा.

तुमच्या आकड्यांकडे नीट पाहा. ५,९०० म्हणजे ५,००० वर १८ टक्के. १७,७०० म्हणजे १५,००० वर १८ टक्के. ट्रेडमार्कच्या सरकारी फीवर जीएसटी लागतच नाही. एजंटच्या मेहनतान्यावर लागू शकतो. आणि सरकारी फी संकेतस्थळावरूनच भरली जाते, कुणा कॅशियरच्या यूपीआयवर कधीच नाही.

माल जप्तीचंही तसंच. अर्जाला विरोध आला म्हणून कुणी घरी येऊन पाऊच उचलत नाही. त्याला वेगळा दावा लागतो, कोर्ट लागतं.

त्याला सगळं कसं माहीत, तर जर्नल सगळ्यांसाठी खुलं असतं. त्यात अर्जदाराचं नाव, पत्ता, अर्ज क्रमांक, वर्ग, माल, सगळं छापलेलं असतं. एजंटनं तुम्हाला पाठवलेलं पान उघडून बघा, त्या माणसानं जे जे सांगितलं ते तिथं आहे. म्हणून जर्नल निघाल्याच्या आठवड्यातच फोन येतो. मोबाइल नंबर तुमच्या पाकिटावरच असेल, ग्राहक तक्रारीसाठी तो छापावाच लागतो. तेव्हा एजंटवर इतक्यात संशय घेऊ नका. "एजंटला सांगू नका" हे तो एवढ्यासाठीच म्हणाला की एजंटनं दोन मिनिटांत खोटं पकडलं असतं.

ट्रूकॉलरवरचं नाव कुणीही लावून घेऊ शकतं. ०२२ वरही जाऊ नका, दुसऱ्याचाच नंबर स्क्रीनवर दिसेल असा फोन करता येतो. अमेरिकेतल्या ट्रेडमार्क कार्यालयानं तिथल्या अर्जदारांना याच प्रकाराबद्दल सावध केलेलं आहे, म्हणजे हा धंदा आपल्यापुरता नाही.

एक विचारायचं राहिलं. पाऊचवर नावापाशी गोलातला आर छापला आहे की टीएम? गोलातला आर ही नोंदणी झालेल्या नावाची खूण, नोंदणी होईपर्यंत तो वापरणं बेकायदेशीर आहे.

हळदवाली

टीएम आहे. एजंटनीच सांगितलं होतं.

पान उघडून पाहिलं. खरंच सगळं त्यात आहे. माझ्या घराचा वॉर्ड नंबरसुद्धा. आणि पाकिटाच्या मागे माझाच नंबर आहे, मीच डिझाइनवाल्याला दिला होता.

उमरेडचा_मिरचीवाला

ताई, माह्याकडे फोन नाही, कागद आला होता. पोस्टानं. जाड कागद, वर राजमुद्रेसारखं चित्र, "आपल्या चिन्हाची राष्ट्रीय पुस्तिकेत नोंद करण्यासाठी ८,८५० रुपये". मी चेक लिहून ठेवला होता. भिवापुरी मिरचीचं नाव आहे, म्हटलं पुस्तिकेत आलं तं बरंच. पोरानं शेवटची बारीक ओळ वाचली, त्यात लिहिलं होतं की ही खाजगी सेवा आहे. चेक फाडला. तुम्ही पैसे भरले म्हणून जिवाला लावून घेऊ नका, मीही भरणारच होतो. त्या कागदावर फोन नंबर होता, त्यावर मी बोललो तर बाईनं इतकं गोड बोलून घेतलं की अजून आठवते.

बँकेतला_भाऊ

आर्वीकडे एका बँकेत आहे. दोन प्रश्न आहेत, खरं सांगा. त्यानं कुठलं अ‍ॅप टाकायला लावलं का, ज्यात त्याला तुमची स्क्रीन दिसते? आणि ओटीपी किंवा यूपीआय पिन सांगितला का?

हळदवाली

पिन नाही सांगितला. एक लिंक पाठवली होती, "फाइल पाहायला हे उतरवा" म्हणून. आमच्याकडे दुपारी नेटवर्क नसतं, ते अर्ध्यावरच अडकलं.

बँकेतला_भाऊ

ती लिंक आणि अर्धवट फाइल दोन्ही काढून टाका. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा, पीडीएफ, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट यातलं काही पुसू नका. यूपीआय पिन बदला. सकाळी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पैशाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, तो सगळे सांगतात. पण तो तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशाला आहे. इथं पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे त्या नियमाचा आधार धरता येणार नाही. तुमचा मार्ग १९३० चाच. समोरच्या खात्यात रक्कम उरली असेल तर ती गोठवतात. मग ती परत मिळू शकते. वेळ लागतो.

हळदवाली

सोमवार, सकाळचे सात. काल रात्री पाचव्यांदा लावला तेव्हा १९३० लागला. त्या ताईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रार क्रमांक आला आहे. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या नाहीत.

स्टेटस मीच पाहिलं. भाचा फोनवर सांगत होता कुठं दाबायचं, पण दाबलं मी. "अ‍ॅक्सेप्टेड अँड अ‍ॅडव्हर्टाइज्ड" आहे. विरोध नाही. सासूबाईंना दाखवलं, त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, पण लोगोचं चित्र ओळखलं. बोटानं दाखवून म्हणाल्या, "हे तं आपलंच व्हय."

एजंटलाही फोन केला. मी दोन दिवस त्यांच्यावर संशय घेतला हे सांगून टाकलं. ते म्हणाले, त्यांच्या आणखी एका पार्टीला, पापडवाल्या ताईंना, शुक्रवारी असाच फोन आला होता.

वकील_नागपूर

चांगलं केलंत. आता दर पंधरा दिवसांनी स्टेटस स्वतः पाहत जा, ४ महिने होईपर्यंत. आणि वायगावचं जीआय तुमच्या ट्रेडमार्कहून पूर्ण वेगळं आहे. त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, ते सगळ्या उत्पादकांचं मिळून असतं, आणि तुम्ही त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करू शकता. उद्या त्या नावानं कुणी पैसे मागितले तर आधी इथं विचारा.

हळदवाली

सव्वादोन वाजले. एकपासून सात फोन येऊन गेले, आता वेगळ्या नंबरवरून. एकदा चुकून उचलला गेला. "पोलीस भेजेंगे" म्हणाला. ठेवून दिला. हे नंबर कुठे देता येतात का?

पांढरकवड्याहून

संचार साथी या सरकारी साइटवर "चक्षू" म्हणून सोय आहे, तिथं टाका. पैसे गेले त्याची तक्रार १९३० वरच राहू द्या, चक्षू फक्त असे नंबर कळवायला. उत्तर देऊ नका, भांडू नका.

हळदवाली

टाकते. बँकेतून आत्ता आले, अर्जाची पोच घेतली. १० तारखेच्या बैठकीत हे मी स्वतःच सांगणार आहे, हिशेबाच्या आधी. गटातल्या दोघींनी लोणच्यासाठी आणि शेवयांसाठी अर्ज केलेला आहे. त्यांची नावं जर्नलमध्ये यायची आहेत, फोन त्यांनाही येईल. कर्ज मी हळद विकून फेडीन, दोन हप्ते जास्त लागतील. जर्नलचं पान आणि पाकीट दोन्ही घेऊन जाते, नंबर कुठून मिळतो ते दाखवायला.

उद्या पोलीस स्टेशनला जायचं आहे. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का लागतो का, की मोबाइलमधून काढलेली प्रिंट चालते?

बँकेतला_भाऊ

शिक्का मारलेलं न्या, परत हेलपाटा नको. त्या ५,९०० च्या ओळीखाली पेनानं रेघ ओढा आणि बाजूला तक्रार क्रमांक लिहा. आधार आणि उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र, दोन्हींच्या झेरॉक्स सोबत ठेवा.