दिघ्यात मंडळातर्फे अभ्यासिका: जागा किती, नोंदणी कधी?

दिघा_कट्टा: आमचं गणेशोत्सव मंडळ आहे. वस्तीतली पोरं पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतात, पण घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना अभ्यास कसला होणार? पालिकेच्या समाजमंदिरातली २० बाय १५ फुटांची खोली मिळण्यासारखी आहे, तोंडी होकार आलाय. किती जणं बसतील? आधी संस्था नोंदवावी लागेल का? इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या सीएसआर (कंपन्यांचा समाजकामाचा निधी) देतील का?

वायरिंगवाला: ये-जा धरून माणशी १८-२० चौरस फूट लागतात, म्हणजे १५-१६ जागा. तीस कोंबाल तर महिन्याभरात कोणी फिरकणार नाही. टेबल अडीच बाय दोन फूट, मध्ये ३ फुटांची वाट, समोरासमोर बसणाऱ्यांत दीड फूट उंच प्लायचा आडोसा.

उजेडात कंजूषी नको. वाचायला ३०० लक्स धरा (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड, म्हणजे ३०० ल्युमेन). खोली २८ चौरस मीटर, म्हणजे ८,४०० ल्युमेन. धूळ आणि भिंतींत जिरणारा उजेड धरून १२,०००. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० देते, सहा लागतील. ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर बसवली की पानावर सावली लपलपते आणि तासाभरात डोकं धरतं. खाली घ्या. कमी वीज खाणाऱ्या चार बीएलडीसी पंख्यांसकट लोड २६० वॅटच्या आसपास, १२ तासांना ३ युनिट. वीज गेली तर इन्व्हर्टरच्या १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीवर चारेक तास निघतात.

जमाखर्च_कोपरी: तोंडी होकारावर सुताराला ॲडव्हान्स देऊ नका. विभाग कार्यालयाचं लेखी पत्र घ्या. त्यात मुदत, वेळ आणि वीजबिल कोण भरणार हे आलंच पाहिजे.

गणपतीच्या वर्गणीसाठी विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली मिळते ती परवानगी तात्पुरती, वर्षभराच्या कामाला ती चालत नाही. त्यासाठी किमान ७ सभासद घेऊन संस्था दोन कायद्यांखाली नोंदवा: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दोन्ही कामं ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात होतात. उद्देशांत 'समाजकार्य' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. अभ्यासिका, वाचनालय, क्रीडा, कौशल्य प्रशिक्षण असं स्पष्ट लिहा.

खरी गोची पुढे होते. मंडळाच्या सवयीनं दरवर्षी अध्यक्ष बदलतात आणि नवे पदाधिकारी धर्मादाय कार्यालयाला कळवायचा, ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज राहून जातो. मग कागदावर जुनेच पदाधिकारी, बँक सह्या बदलून देत नाही, आणि जुने खजिनदार तोवर बदलापूरला राहायला गेलेले. कार्यकारिणीची मुदत ३ वर्षं ठेवा.

सीएसआरसाठी आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी) आणि कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. पहिल्या वर्षी तो नाद सोडा.

दिघा_कट्टा: धन्यवाद. मग फी घ्यायची की फुकट ठेवायची?

ग्रंथपाल_नौपाडा: घ्या. फुकट ठेवली की सकाळी सातला बॅगा येतात, माणसं येत नाहीत. महिना १५०-२०० रुपये आणि ३०० डिपॉझिट पुरे. ज्याला तेही जमत नाही त्याला आठवड्यातून दोनदा झाडू-पोछ्याची पाळी. अर्धा तास जागा रिकामी दिसली की बॅग कपाटावर, दुसरा बसेल. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या गल्ल्यांत. मंडपाचं सामान आत येऊ देऊ नका, एकदा शिरलं की दिवाळीपर्यंत निघत नाही.

मुलींसाठी वेगळी रांग ठेवाल, पण दारासमोर टोळकं बसलेलं असेल तर त्या पायरीही चढणार नाहीत. तो कट्टा मंडळानंच उठवायचा.

पोलीस भरतीत ५० गुणांची मैदानी आधी, १०० गुणांची लेखी नंतर. त्यामुळे ती पोरं पहाटे १६०० मीटर पळून, गोळा फेकून येतात आणि आठला टेबलावर डुलक्या घेतात. त्यांना दुपारची पाळी द्या, सकाळ एमपीएससीवाल्यांना.

पुस्तकांत घाई नको. चालू घडामोडींची गाइडं वर्षात शिळी होतात. पाचवी ते बारावीची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांचा एक छापील संच, दोन मराठी वर्तमानपत्रं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, एवढ्यावर सुरुवात करा.