हिवाळ्यात नांदरुकाच्या बोन्सायची पानगळ : कुंडी घरात आणणे चुकले का?

प्रश्न
सर्वांना नमस्कार. सोलापुरात आमच्या गच्चीवर तीन बोन्साय आहेत : वडिलांनी १४ वर्षांपूर्वी लावलेले नांदरूक (वडाच्या कुळातले झाड), एक अडेनियम (फुगीर बुंध्याचे फुलझाड) आणि मागच्या पावसाळ्यात आणलेले जुनिपर (थंड प्रदेशातले सूचिपर्णी झाड). थंडीत बोन्साय घरात घ्यावे असे वाचल्यामुळे मी डिसेंबरच्या सुरुवातीला तिन्ही कुंड्या दिवाणखान्यात आणल्या. पंधरा दिवसांत नांदरुकाची निम्मी पाने पिवळी पडून गळाली, अडेनियम जवळजवळ उघडे झाले आणि जुनिपरचे शेंडे तपकिरी दिसू लागले. पाणी मी रोज सकाळी न चुकता घालतो. नांदरूक वडिलांच्या हातचे आहे. ते तरी वाचावे, अशी फार इच्छा आहे.

उत्तर १
कुंडी आत घेण्याचा सल्ला, जिथे मुळांभोवतीची माती गोठते अशा प्रदेशांसाठी आहे. आपल्याकडे या दिवसांत रात्रीचा पारा सहसा १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो ३० अंशांपर्यंत चढतो. वडाच्या कुळातल्या झाडाला यात धोका नाही. तुमच्या नांदरुकाला थंडी नव्हे, तर अपुरा उजेड बाधला आहे, कारण जागा बदलून उजेड एकदम कमी झाला की हे झाड पाने टाकते. एक बारीक फांदी नखाने खरवडून पाहा. आत हिरवे दिसले आणि चीक आला, तर झाड जिवंत आहे. कुंडी पुन्हा गच्चीवर न्या. मात्र पहिले आठ दिवस फक्त सकाळचे कोवळे ऊन द्या. नवी पालवी येईपर्यंत खत, छाटणी आणि कुंडी बदलणे, तिन्ही टाळा.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण पाण्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. पाने गळालेले झाड फार थोडे पाणी पिते, म्हणून रोजचा नेम सोडून बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे आणि वरचा थर सुकल्यावरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. उलट पानांनी भरलेले झाड उथळ कुंडीत असेल, तर आपल्या कोरड्या हवेत ते हिवाळ्यातही दुपारपर्यंत सुकते. अडेनियमची पानगळ स्वाभाविक आहे. बुंधा दाबून घट्ट लागला तर काळजी नको, पाणी अगदी कमी करा. मऊ लागला तर मुळे कुजत आहेत, असे समजून ते लगेच कुंडीतून काढून तपासा.

उत्तर ३
जुनिपरबद्दल स्पष्टच सांगतो. त्याला विश्रांतीसाठी काही आठवडे खरी थंडी लागते आणि ती सोलापुरात मिळत नाही. शिवाय मुळे मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवे दिसते, त्यामुळे शेंडे तपकिरी होणे हे उशिरा कळलेले लक्षण असू शकते. त्यालाही बाहेर उजेडात ठेवा, पण पुढच्या वेळी उंबर, चिंच किंवा बोगनवेल निवडा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. नांदरुकाची फांदी खरवडली. आत हिरवे आहे आणि चीकही आला. अडेनियमचा बुंधा घट्ट आहे. तिन्ही कुंड्या आजच गच्चीवर पूर्वेच्या कठड्याशी नेल्या आहेत. जानेवारीतली आमच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत नांदरुकाला पालवी दिसली, तर येथे अवश्य कळवीन.