प्रति: सुट्टीत मुलांना फुलशेतीवर पाठवावं का?

वर विचारलंय, की कॉलेजची मुलं मे महिन्यात फुलशेतीवर शिकायला ठेवली तर शेतकरी त्यांना फुकट राबवून घेतो का. शहापूरकडे आमच्या सासरचा मोगरा आहे, दोन वर्षं अशी मुलं येतात, म्हणून लिहिते.

खरं सांगू? पहिला आठवडा ती आमचं नुकसानच करतात. कळी पांढरी, टपोरी, पण मिटलेली हवी. हिरवट खुडली तर नीट उमलत नाही, आणि उमललेली कल्याणच्या फूलबाजारात पोचेपर्यंत मान टाकते. गजरेवाल्या तिला हात लावत नाहीत. ठाण्याच्या एका मुलीने पहिल्याच दिवशी अर्धी टोपली हिरव्या कळ्या आणल्या. सासूबाई रागावल्या नाहीत. टोपली ओट्यावर पालथी केली आणि एकेक कळी तिच्या तळहातावर ठेवत "ही उद्याची, ही परवाची" असं दाखवत बसल्या. चौथ्या दिवशी पोरगी बायांच्या निम्म्याने तरी खुडत होती.

पैशांचं म्हणाल तर बायांना किलोवर मजुरी, तोच दर मुलांना. जेवण-राहणं आमच्याकडे. पहाटे साडेपाचला उठायचं, ऊन चढायच्या आत तोडणी आटपायची, दुपारी खुशाल झोपा. (मोबाईलला रेंज नाही हे आधीच सांगतो, तरी एकजण तिसऱ्या दिवशी आसनगाव लोकल पकडून घरी गेलाच!)

पाठवणार असाल तर पूर्ण बाह्यांचे सदरे द्या. आणि नखं अगदी मुळापासून कापून पाठवू नका, देठ नखानेच तुटतो.