मदत हवी आहे: गणपतीच्या देखाव्यासाठी फायटर पायलटच्या शौर्यपदकांची माहिती (सातारा)

नमस्कार मंडळी, साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या मंडळात देखाव्याचे फलक आणि निवेदन मी लिहिते. यंदा पोरांनी विषय घेतलाय फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, हवाई दलातले एकमेव परमवीर चक्र विजेते. मला फार आनंद झाला, कारण आपल्या जिल्ह्यात फौजेचं कौतुक घराघरात आहे, अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच सगळ्यांना माहीत, सैनिक स्कूल १९६१ पासून इथं आहे, पण विमानातून लढलेल्यांचं नाव विचारलं की अभिनंदन वर्धमानच्या पुढं गाडी जात नाही.

आता अडचण सांगते. देखाव्यातला मुख्य प्रसंग आहे १४ डिसेंबर १९७१, श्रीनगरचा तळ, पेशावरहून आलेली पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं बॉम्ब टाकतायत आणि सेखों आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानातून त्याच धावपट्टीवरून उडतायत. पुतळा नॅटच्या शिडीपाशी धावताना दाखवायचाय. आणि मूर्तिकार दादा म्हणतायत की छातीवर परमवीर चक्र लावूया, नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं की हा परमवीर आहे. कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणांना ते पटलंय.

मला ते अजिबात पटत नाहीये. पदक त्यांना मरणोत्तर मिळालं. त्या सकाळी ते धावले तेव्हा छातीवर काही नव्हतं, जोडीचे लीडर घुम्मण दुसऱ्या नॅटमधून पुढं उडालेले, पाठोपाठ हे उडाले तोवर बॉम्ब पडायला लागलेले, वर गेल्यावर दोघांची ताटातूट झाली आणि मग एकटं एक विमान तेवढ्या सेबरांच्या मागं लागलं, एकावर गोळ्या बसल्या, दुसऱ्याला आग लागली, शेवटी संख्येपुढं नॅट पडलं. पदक या सगळ्याच्या नंतरचं आहे. ते आधीच छातीवर टांगलं तर असं वाटतं की हा माणूस परमवीर होता म्हणून लढला, आणि खरं तर उलटं आहे ना?

तर मला मदत पाहिजे ती अशी. एक म्हणजे पायलटच्या फ्लाइंग कपड्यांवर पदकं असतात का हे जाणकारांनी सांगावं म्हणजे मला मंडळात ठामपणे बोलता येईल. दुसरं, बाजूच्या भिंतीवर पदकांचे मोठे नमुने करायचेत, परमवीर, महावीर आणि वीर चक्र, तर आकार आणि फितीचे रंग पक्के हवेत, नेटवर प्रत्येक फोटोत रंग वेगळा दिसतो. तिसरं, या तीन पदकांना फायटर पायलटांपैकी कुणाकुणाच्या गोष्टी जोडाव्यात? लोक रांगेत फार वेळ थांबत नाहीत, त्यामुळं गोष्ट लहान पण अस्सल पाहिजे.

आणि एक, जिवंत देखाव्यात पाचवी-सहावीतली मुलं गणवेश घालून उभी करायचा विचार आहे, त्यात कायद्याची काही अडचण येते का?

प्रतिसाद (कराड)

ताई, मी हवाई दलात ग्राउंडवर होतो, आता रिटायर होऊन गावी आहे. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फ्लाइंग ओव्हरऑलवर पदक कधीच नसतं, मरणोत्तर सोडा, जिवंतपणी मिळालेलं असलं तरी नाही. पूर्ण पदक समारंभाच्या गणवेशावर, रोजच्या गणवेशावर नुसती फितीची छोटी पट्टी, आणि विमानात बसताना ओव्हरऑल, हेल्मेट, ऑक्सिजन मास्क. मूर्तिकारांना सांगा की पायलट पदक लावून विमानाकडं पळतोय हे बघून साताऱ्यातला एकूण एक माजी सैनिक मंडपातच बोलून दाखवेल.

फितींचं लिहून घ्या. परमवीर चक्राची फीत पूर्ण जांभळी, मधे कसलीही रेघ नाही. महावीर चक्राची अर्धी पांढरी अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. परमवीर ब्राँझचं आहे हे विसरू नका, लोक हमखास सोनेरी रंगवतात, ते चूक. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती. महावीर आणि वीर चक्र चांदीची, दोन्हीवर पाच टोकांचा तारा, महावीरच्या मधे सोनेरी मुलाम्याची राजमुद्रा, वीर चक्राच्या मधे आधी चक्र आणि त्यात राजमुद्रा. खरं पदक जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं असतं, तुम्ही परातीएवढं केलं तरी फितीची रुंदी त्या प्रमाणात ठेवा, नाहीतर ते क्रिकेटच्या मेडलसारखं दिसेल.

मुलांच्या गणवेशाचं म्हणाल तर आपण खरे सैनिक आहोत असं लोकांना भासवायच्या हेतूनं गणवेश घातला तर तो गुन्हा आहे, देखाव्यातली पोरं कुणाला फसवत नसतात. तरी पोलीस परवानगीच्या अर्जात देखाव्याचा विषय स्पष्ट लिहा आणि जमलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या, तिथल्या लोकांना असल्या गोष्टींची आस्था असते.

प्रतिसाद (सांगली)

आम्ही सांगलीत देखाव्याची कामं करतो म्हणून लिहितोय. नॅट खरंच फार लहान विमान होतं, लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा पसारा ६.७३ मीटर, सेबर दोन्हीकडून ११ मीटरच्या वर. दोन्ही एकाच प्रमाणात करा, हीच तुमच्या देखाव्याची ताकद आहे, बघणाऱ्याला न सांगता कळतं की केवढं पिल्लू कुणाच्या अंगावर गेलं होतं. याच नॅटला सेबर स्लेयर, म्हणजे सेबरांचा कर्दनकाळ, म्हणायचे, १९६५ च्या सप्टेंबरात ट्रेव्हर आणि डेंझिल कीलर या भावांना सेबर पाडल्याबद्दल वीर चक्र मिळालं ते नॅटवरच. वीर चक्राच्या फलकाला ही भावांची जोडी घ्या, लगेच लक्षात राहते. थर्माकोलला बंदी आहे, प्लाय आणि पुठ्ठ्यावर करा.

प्रतिसाद

ताई, महावीर चक्रासाठी स्क्वाड्रन लीडर देवय्यांचं नाव सुचवेन. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला, ते राखीव पायलट होते तरी गेले. परतीच्या वाटेवर पाकिस्तानच्या स्टारफायटरनं गाठलं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, आणि यांच्याकडं जुनं मिस्टियर विमान. तरी वळून भिडले आणि स्टारफायटर पाडलं, तो पायलट पॅराशूटनं उतरला, देवय्या परत आले नाहीत. आपल्याकडं त्यांची नोंद बेपत्ता अशीच राहिली, कारण शेवटची झुंज बघणारा आपला कुणी नव्हता. पुढं पाकिस्तानी बाजूनं झालेल्या लिखाणातून ती उजेडात आली आणि १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, महावीर चक्र मिळालं. शौर्य शत्रूच्या नोंदीतून सिद्ध झालं, ही गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा येतो.

दुसरं असं, तुमच्या रांगेतलं कुणीतरी नक्की विचारणार की राकेश शर्मापण फायटर पायलट, १९७१ च्या युद्धात उडालेले, मग त्यांना अशोक चक्र कसं. त्याचं उत्तर फलकावर एका ओळीत देऊन टाका: परमवीर, महावीर, वीर ही शत्रूसमोरच्या शौर्याची, अशोक, कीर्ती, शौर्य ही शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्याची. शर्मांना ते अंतराळप्रवासासाठी मिळालं.

प्रतिसाद (सातारा)

सावित्रीबाई खानोलकरांना विसरू नका एवढीच विनंती. परमवीर चक्राचं डिझाइन त्यांचं. जन्म स्वित्झर्लंडचा, लग्न विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी, आणि इथलं पुराण, संस्कृत सगळं आत्मसात केलेलं, म्हणून तर दधीची ऋषींच्या हाडांचं वज्र त्यांना सुचलं. आपल्या बायकांना रांगेत थांबून वाचावंसं वाटेल असा हाच फलक होईल. मी शाळेत शिकवते, मजकूर तपासून हवा असेल तर सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कराडच्या काकांचे. काका, तुमचा प्रतिसाद काल मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. मूर्तिकार दादांनी पुतळ्याच्या छातीवरचं पदक काढायचं कबूल केलंय, पण त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता, परमवीर चक्र लोकांना दिसलं पाहिजेच. मग असं ठरलं की पुतळा नुसत्या ओव्हरऑलमध्ये राहील, नॅट उडून गेल्यावर पडदा सरकेल, रिकाम्या धावपट्टीवर जांभळ्या फितीचं ब्राँझ रंगाचं पदक वरून खाली येईल आणि तेव्हाच निवेदनात पहिल्यांदा परमवीर चक्र हे शब्द येतील. तोवर देखाव्यात कुठंही नाही, कमानीवरसुद्धा नाही. कमानीवर फक्त नाव आणि तारीख.

देवय्या आणि कीलर बंधू दोन्ही घेतेय. सावित्रीबाईंचा फलक बाहेर पडायच्या वाटेवर लावणार, दधीचींची गोष्ट आजी लोक नातवंडांना आपसूक सांगतील. शाळेतल्या ताई, मजकूर दोन दिवसांत मेसेज करते, शुद्धलेखनासकट बघा.

आता शेवटचं. मोठ्या नमुन्यांसाठी फूटभर रुंद जांभळं कापड मोती चौकात मिळालं, पण अर्धं पांढरं अर्धं केशरी आणि अर्धं निळं अर्धं केशरी असं सलग मिळत नाहीये, जोडून शिवलं की मधे शिवण फुगते आणि लाइटमध्ये ती रेघ तिसऱ्या रंगासारखी दिसते. कापडावर छापून देणारं कुणी सातारा-कराड भागात माहीत आहे का? की सांगलीच्या दादांकडं याला काही युक्ती आहे?

प्रतिसाद (सांगली)

ताई, शिवू नका. पांढरं सॅटिन पूर्ण रुंदीचं घ्या, मधोमध मास्किंग टेप लावा आणि एका बाजूला फॅब्रिक कलर स्पंजनं द्या, ब्रश नको, पसरतो. वीर चक्राला आधी केशरी, पूर्ण वाळल्यावर टेप दुसऱ्या बाजूला, मग निळा. छोट्या तुकड्यावर एकदा करून बघा, रंग टेपखाली शिरला तर पाणी कमी करा.